वाण, बेणे आणि नफा : हिंगोलीच्या शिवारातून दिसणारा जैवतंत्र व्यवसायाचा इतिहास

हिंगोली जिल्ह्याची ओळख जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगासाठी नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन निर्माण झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा आजही प्रामुख्याने खरिपाच्या शेतीवर उभा आहे. तरीही लहान जैवतंत्र कंपनीची विक्री वाढत जाते तेव्हा तिचा नफाही वाढतो का, हा त्या उद्योगाच्या इतिहासातला मूलभूत प्रश्न तपासण्यासाठी हा जिल्हा विशेष उपयुक्त ठरतो. कारण येथे कापूस, सोयाबीन आणि हळद ही तीन पिके एकमेकांच्या बांधाला लागून घेतली जातात आणि त्या तिन्हींची पुढची पिढी अगदी वेगवेगळ्या रीतीने निर्माण होते. संकरित कापसाचे बियाणे शेतकऱ्याला दरवर्षी विकत घ्यावे लागते, सोयाबीनचे बियाणे त्याला घरच्या पोत्यातून काढता येते, तर हळद बियाण्याने लावलीच जात नाही, तिचे बेणे म्हणजे कंदच जमिनीत ठेवले जातात. कंपनीच्या एकूण विक्रीला उलाढाल म्हणतात आणि त्या विक्रीतून बियाणे तयार करण्याचा, साठवणुकीचा, व्याजाचा, विक्रेत्याच्या कमिशनचा व संशोधनाचा खर्च वजा जाता जे उरते तो नफा. या दोहोंमधील अंतर मराठवाड्यात गेल्या साठ वर्षांत कसे कमी-अधिक होत गेले, हे या तीन पिकांच्या इतिहासातून बरेच स्पष्ट दिसते.

निजामाच्या राजवटीत हिंगोली हे हैदराबाद संस्थानच्या सैन्याचे ठाणे होते, त्याचबरोबर कापसाची पेठही होती. १९१२ मध्ये पूर्णा ते हिंगोली हा लोहमार्ग सुरू झाल्यानंतर येथील कापूस बाहेर जाणे सोपे झाले. त्या काळी बियाणे ही स्वतंत्रपणे विकण्याची वस्तू नव्हतीच. कापूस पिंजण्याआधी त्यातून रुई वेगळी काढली जाते, त्या प्रक्रियेत मागे राहणारी सरकी जनावरांना चारली जाई, तेलासाठी वापरली जाई आणि तीच पुढल्या मृगात पेरलीही जाई. चांगले वाण निवडण्याचे व टिकवण्याचे काम संस्थानच्या शेतकी खात्याने परभणी–नांदेड भागात केले, आणि त्यातून पुढे आलेल्या ‘गावराणी-६’ या देशी वाणाने लांब धाग्यासाठी नाव मिळवले. हे संशोधन खऱ्या अर्थाने मोलाचे होते, परंतु त्याचा खर्च सरकारी तिजोरीतून होत असल्यामुळे त्यावर कोणाला नफा मिळतो हा प्रश्न कोणी विचारला नाही. सरळ वाणाची सरकी एका शेतातून दहा शेतांत आपोआप पसरते. वाण जितके चांगले तितका त्याचा प्रसार अधिक, आणि ज्याने ते शोधले त्याच्या हाती मात्र पहिल्या विक्रीखेरीज काही येत नाही.

हे गणित बदलवणाऱ्या माणसाचा जन्म हिंगोलीतच झाला. बद्रीनारायण बारवाले यांनी तरुणपणी हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतला, आणि नंतर जालन्यात शेती करत असताना दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने तयार केलेल्या ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या वाणाचे बियाणे वाढवून विकायला सुरुवात केली. पिवळ्या शिरांच्या केवडा रोगाला दाद न देणारे हे वाण शेतकऱ्यांना हवे होते, आणि ते पुरेशा प्रमाणात व भरवशाच्या दर्जाचे मिळत नव्हते. १९६४ मध्ये त्यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे पुढे जगभर ‘महिको’ या नावाने ओळखली गेलेली संस्था, स्थापन केली. त्याच सुमारास रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने भारतीय शास्त्रज्ञांनी मका, ज्वारी आणि बाजरी यांचे संकरित वाण तयार केले होते. ज्वारीचा ‘सीएसएच-१’ १९६४ मध्ये आणि बाजरीचा ‘एचबी-१’ १९६५ मध्ये प्रसारित झाला. राष्ट्रीय बियाणे महामंडळ १९६३ मध्ये स्थापन झाले होते आणि १९६६ मध्ये बियाणे अधिनियम झाला. म्हणजे विज्ञान, कायदा आणि मागणी या तिन्ही गोष्टी काही वर्षांच्या आत एकत्र आल्या. जालन्याच्या एका शेतकरी-उद्योजकाने ती वेळ ओळखली, यात त्याचे मोठेपण आहे. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार आणि २००१ चे पद्मभूषण ही त्याची पुढील पावती होती.

संकरित वाण म्हणजे दोन वेगळ्या, शुद्ध ठेवलेल्या ओळींच्या संकरातून मिळणारी पहिली पिढी. या पिढीत जोम आणि उत्पादन अधिक असते, परंतु तिचे दाणे पुन्हा पेरले तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात, झाडे एकसारखी राहत नाहीत आणि उत्पादन घटते. त्यामुळे शेतकरी दरवर्षी दुकानात परत येतो. बियाण्याच्या व्यवसायाला नफा शक्य करणारी मुख्य गोष्ट हीच होय: नर आणि मादी ओळी कंपनीच्या ताब्यात असतात, आणि त्यांच्या संकराचे रहस्य वनस्पतीच्या शरीरातच राखलेले असते, त्याला पेटंटची किंवा न्यायालयाची गरज नसते. मात्र हा लाभ ज्यांच्याकडे स्वतःच्या ओळी होत्या त्यांनाच मिळाला. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८० च्या दशकात आलेला ‘एनएचएच-४४’ हा संकरित कापूस मराठवाड्यात, हिंगोलीच्या काळ्या जमिनीतही, झपाट्याने पसरला. परंतु तो कृषी विद्यापीठाचा असल्याने त्याच्या ओळी एका कंपनीच्या मालकीच्या नव्हत्या. अशा वाणाचे बियाणे विकणाऱ्या लहान कंपनीची उलाढाल कितीही वाढली तरी तेच बियाणे दुसरीही विकत असते, म्हणून किंमत खर्चाच्या जवळ येऊन थांबते.

याशिवाय बियाण्याच्या धंद्यात वाढ हीच पैशाची भूक असते, हे बाहेरच्या माणसाला चटकन लक्षात येत नाही. कापसाचे संकरित बियाणे तयार करण्यासाठी मादी ओळीच्या प्रत्येक कळीतील पुंकेसर सायंकाळी हाताने काढावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे पराग त्यावर घासावे लागतात. मजूर ज्याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात ते हे काम कित्येक आठवडे चालते आणि त्यासाठी एकरागणिक मोठी मजुरी लागते. कंपनी हे बीजोत्पादन करार केलेल्या शेतकऱ्यांकडून करून घेते, त्यांना आगाऊ रक्कम देते, तयार बियाणे ताब्यात घेते, उगवणशक्ती तपासते, साठवते आणि पुढच्या खरिपाआधी कृषी सेवा केंद्रांत पोहोचवते. या सर्व काळात अडकून पडलेल्या पैशाला खेळते भांडवल म्हणतात. विक्री दुप्पट करायची असेल तर आदल्या वर्षीच दुप्पट बियाणे तयार करावे लागते. आणि मृग कोरडा गेला किंवा शेतकऱ्याने दुसरे पीक निवडले तर विक्रेत्याकडून न विकलेली पाकिटे परत येतात, ज्यांची उगवण घसरत जाणार असते. लहान कंपनी याच ठिकाणी मोडते. तिची मालमत्ता गोदामात असते आणि कर्ज बँकेत, आणि गोदामातली मालमत्ता प्रत्येक महिन्याला जुनी होत जाते. मोठी कंपनी अनेक राज्यांत, अनेक पिकांत हा धोका वाटून घेऊ शकते, परंतु ज्या कंपनीचा सारा माल मराठवाडा आणि विदर्भातल्या एकाच पावसावर अवलंबून असतो तिच्यापुढे ती सोय नसते.

१९८८ च्या नव्या बियाणे धोरणाने आयात व परदेशी सहकार्याची दारे अधिक उघडली आणि त्यानंतर जालना–औरंगाबाद पट्ट्यात बियाणे कंपन्यांची दाटी वाढली. त्यांतील काहींनी संशोधन केंद्रे उभारली, तर काहींनी इतरांच्या ओळी घेऊन फक्त उत्पादन आणि वितरण केले. हा फरक पुढच्या टप्प्यात निर्णायक ठरला.

१९९५ मध्ये केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने महिकोला अमेरिकेतील मॉन्सँटोच्या बीटी कापसाचे थोडेसे बियाणे आणण्याची परवानगी दिली. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या जमिनीतील जिवाणूतील एक जनुक, म्हणजे प्रथिन तयार करण्याची सूचना बाळगणारा आनुवंशिक घटक, कापसात घातल्यास बोंडअळीला मारक प्रथिन झाड स्वतःच तयार करते. हे जनुक भारतीय ओळींत उतरवण्याचे, क्षेत्रीय चाचण्यांचे आणि परवानगीचे काम सात वर्षे चालले. १९९८ मध्ये मॉन्सँटोने महिकोतील २६ टक्के भाग घेतला आणि दोघांच्या समान भागीदारीतून महिको–मॉन्सँटो बायोटेक ही कंपनी निघाली. मार्च २००२ मध्ये जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने ‘मेक-१२’, ‘मेक-१६२’ आणि ‘मेक-१८४’ या तीन बीटी वाणांना मंजुरी दिली. त्यानंतर बारा-तेरा वर्षांत देशातील कापसाचे जवळजवळ सारे क्षेत्र बीटीखाली गेले. भारतातील शेतीच्या इतिहासात एखादे तंत्रज्ञान इतक्या वेगाने पसरल्याची उदाहरणे फार थोडी आहेत.

वाढीचे इतके मोठे उदाहरण समोर असताना नफा कोणाला झाला, हे पाकिटाच्या किमतीत शोधावे लागते. सुरुवातीला साधारण एका एकराला पुरणाऱ्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाची किंमत १,६०० ते १,८५० रुपये होती आणि त्यातील सुमारे १,२५० रुपये ‘ट्रेट व्हॅल्यू’ म्हणून, म्हणजे बोंडअळीरोधक गुणधर्माच्या वापराचा मोबदला म्हणून, जनुकाच्या मालकाकडे जात होते. ज्या भारतीय कंपन्यांनी हे जनुक परवान्यावर घेतले त्यांनी प्रारंभीचे शुल्क भरले, आपल्या ओळींत जनुक उतरवण्याचा खर्च केला, बीजोत्पादन केले, धोका घेतला. आणि त्यांची उलाढाल पाहता पाहता वाढली, परंतु तिचा मोठा हिस्सा त्यांच्या हातून केवळ पुढे सरकत होता. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने हा प्रश्न मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी व्यवहार आयोगापुढे नेला आणि पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आणली. इतर राज्ये त्याच वाटेने गेली, आणि महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्याच्या पुरवठ्याचे, वितरणाचे व किमतीचे नियमन करणारा स्वतःचा कायदा केला. बियाण्याच्या खर्चाखाली दबलेल्या हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने हा हस्तक्षेप न्याय्यच होता, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

मात्र त्याचा परिणाम बियाणे कंपन्यांवर कसा झाला हे केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या किंमत नियंत्रण आदेशानंतरच्या आकड्यांतून स्वच्छ दिसते. २०१६ च्या हंगामात दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे दोन जनुकांच्या, बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमत ८०० रुपये ठरली, त्यात ७५१ रुपये बियाण्याचे आणि ४९ रुपये गुणधर्माचे होते. २०१८ मध्ये हे आकडे ७०१ आणि ३९ झाले, २०१९ मध्ये ७१० आणि २०, आणि २०२० मध्ये गुणधर्माचा मोबदला शून्यावर आला, तर संपूर्ण पाकीट ७३० रुपयांना विकले जाऊ लागले. ज्या रॉयल्टीविरुद्ध अनेक भारतीय कंपन्यांनी लढा दिला ती चार वर्षांत नाहीशी झाली, पण त्याच चार वर्षांत त्यांच्या स्वतःच्या वाट्याची रक्कम ७५१ वरून ७३० वर उतरली, आणि मजुरी, इंधन व व्याज तर वाढतच होते. नंतर दरात दरवर्षी थोडी थोडी वाढ होऊन २०२५ मध्ये तो ९०१ रुपयांपर्यंत गेला. नऊ वर्षांत कंपन्यांच्या वाट्यात झालेली ही दीडशे रुपयांची वाढ ‘क्रॉसिंग’च्या मजुरीतील वाढ भरून काढण्यास पुरेशी म्हणता येणार नाही.

दरम्यान संशोधनाची दारे बंद होत गेली. औरंगाबादच्या नाथ सीड्सने २००६ मध्ये चीनमध्ये विकसित झालेल्या वेगळ्या बीटी जनुकावर आधारित वाणांना मंजुरी मिळवली होती. एका अमेरिकी मालकावरचे अवलंबन टाळण्याचा हा मराठवाड्यातील कंपनीचा धाडसी प्रयत्न होता, तरी दोन जनुकांच्या दुसऱ्या पिढीने बाजार व्यापल्यानंतर त्याला फार विस्तार मिळाला नाही. गुलाबी बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडल्याचे २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी मोठे नुकसान सोसून अनुभवले. तणनाशकाला तोंड देणाऱ्या कापसाच्या मंजुरीचा अर्ज महिकोने २०१६ मध्ये मागे घेतला, पण तसे बियाणे मंजुरीशिवाय शिवारात पोहोचले, आणि जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे ते उघडपणे पेरले. या बियाण्याची वाढ मोठी आहे, मात्र ज्याने शोध लावला त्याला तिच्यातून काहीच मिळत नाही आणि ज्याने पेरले त्याला दर्जाची हमी नाही.

संशोधनाचा खर्च आणि परताव्याची वाट यांचे सर्वांत कठोर उदाहरण वांग्याचे आहे. महिकोच्या बीटी वांग्याला मान्यता समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये अनुकूल शिफारस दिली, पण ९ फेब्रुवारी २०१० रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्यावर स्थगिती जाहीर केली. तेच तंत्रज्ञान बांगलादेशाने २०१३ मध्ये मान्य केले. जालन्याच्याच बेजो शीतल या भाजीपाला बियाणे कंपनीने दिल्लीच्या सार्वजनिक संस्थेत तयार झालेले दुसरे बीटी वांगे परवान्यावर घेतले होते. त्याच्या क्षेत्रीय चाचण्यांना समितीची परवानगी २०२० मध्ये मिळाली, आणि त्यापुढे प्रत्येक राज्याची वेगळी संमती लागत होती. सुरक्षिततेची कसून तपासणी व्हायलाच हवी, त्यात सवलत मागणे गैर आहे. परंतु निर्णय ‘होय’ किंवा ‘नाही’ असा न येता पंधरा-पंधरा वर्षे लांबत राहिला, तर तो सोसण्याची ताकद परदेशी बहुराष्ट्रीय कंपनीकडे असते, जालन्याच्या कंपनीकडे नसते. कठोर नियमांपेक्षा अनिश्चित नियमांनी लहान कंपन्यांचे अधिक नुकसान केले, असेच हा इतिहास पाहता म्हणावे लागते.

कापसाच्या या तणावात हिंगोलीच्या शेतकऱ्याने मोठ्या प्रमाणावर सोयाबीन स्वीकारले. सोयाबीन स्वपरागित आहे, म्हणजे फुलातील परागानेच त्याच फुलाचे फलन होते आणि दाणे पेरल्यास तेच वाण परत येते. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे ‘जेएस-३३५’ हे १९९४ चे वाण मराठवाड्यात वर्षानुवर्षे घरच्या बियाण्यावर टिकले. अशा पिकात खासगी संशोधनाला जागा जवळजवळ नसते. अकोल्याचे महाबीज, म्हणजे राज्याचे बियाणे महामंडळ, आणि विद्यापीठे यांनीच ते काम केले. २०२० च्या खरिपात बाजारातील सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाडाभर आल्यानंतर कृषी खात्यानेही घरगुती बियाणे वापरण्याचा आग्रह धरला.

हळदीची कथा अधिक अर्थपूर्ण आहे, कारण तिच्यात विज्ञान कमी पडले नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रजनी नाडगौडा, मस्कारेन्हस, हेंद्रे आणि जगन्नाथन यांनी १९७८ मध्येच ऊतिसंवर्धनाने, म्हणजे वनस्पतीच्या लहानशा तुकड्यापासून काचेच्या नळीत निर्जंतुक पोषक माध्यमावर अनेक रोपे तयार करून, हळद वेगाने वाढवण्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. हळदीला एकरी सुमारे दहा क्विंटल बेणे लागते आणि त्यातून कंदकूज व सूत्रकृमी एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात, म्हणून रोगमुक्त रोपांची गरज खरी आहे. तरी केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांनी वसमत तालुक्यातील गिरगाव-कुरुंदा भागात जे यश मिळवले ते हळदीत मिळाले नाही. केळीचे एक रोप एक घड देते आणि एकरी हजार-दीड हजार रोपांत काम भागते. हळदीला एकरी वीस हजारांहून अधिक झाडे लागतात, नळीतल्या रोपाचे पहिल्या वर्षीचे कंद लहान राहतात, आणि एकदा चांगले बेणे शेतात आले की पुढील लागवड शेतकरी त्यातूनच करतो, शेजाऱ्यालाही देतो. प्रयोगशाळा यशस्वी झाली की तिचे गिऱ्हाईकच कमी होते.

म्हणून हिंगोलीत हळदीसाठी जैवतंत्राची जी साधने रुजली ती बहुतेक सार्वजनिक संस्थांकडून आली. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने उपयुक्त बुरशी व जिवाणू एकत्र करून तयार केलेले ‘बायोमिक्स’ हे मिश्रण कंदकुजीच्या व्यवस्थापनासाठी या भागातले हळद उत्पादक विद्यापीठातून आणतात. त्याच प्रकारची जैविक खते विकणाऱ्या लहान खासगी उत्पादकांपुढची अडचण वेगळी आहे. २००६ पासून जैविक खते खत नियंत्रण आदेशाखाली आली आणि जिवंत पेशींची किमान संख्या ठरली, परंतु जिवंत माल उन्हाळ्यातील गोदामात मरतो, आणि चांगल्या व मेलेल्या पाकिटातला फरक विकत घेताना डोळ्यांनी दिसत नाही. त्यामुळे प्रामाणिक उत्पादकाला त्याच्या दर्जाची वेगळी किंमत मिळत नाही, आणि विक्री वाढवायची तर विक्रेत्याला अधिक कमिशन व अधिक उधारी द्यावी लागते, ज्यात उरलेला नफाही जातो.

हिंगोलीच्या संत नामदेव हळद बाजारात आणि वसमतच्या बाजार समितीत मराठवाडा-विदर्भातून माल येतो. २०२४ मध्ये ‘वसमत हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन बेण्यावर हक्क देत नाही, ते ठरलेल्या प्रदेशात पिकलेल्या मालाला नाव वापरण्याचा हक्क देते, आणि तो हक्क एका कंपनीचा नसून त्या प्रदेशातील उत्पादकांचा असतो. वसमत येथे राज्य सरकारने २०२२ मध्ये मंजूर केलेल्या बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कामात रोगमुक्त बेण्याचा आणि ऊतिसंवर्धनाचा समावेश आहे. पुण्यात १९७८ मध्ये सिद्ध झालेली पद्धत हळदीच्या पट्ट्यात पोहोचायला चार दशकांहून अधिक काळ लागला, आणि तो खर्च शेवटी सार्वजनिक पैशानेच उचलावा लागला, कारण ज्या बेण्याची दुसऱ्या वर्षी पुन्हा विक्री होणार नाही त्यासाठी प्रयोगशाळा उभारण्याइतके भांडवल कोणत्याही लहान कंपनीला परत मिळण्यासारखे नव्हते.